कोट घातलेला हीट पंप

मित्रांनो, मी जुना आहे एवढे नक्की. पण जुना कोण, हे सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. मला एकाच नावाने कुणी कधी हाक मारलीच नाही. पोस्टमन मला 'बाहेरचा एसी' म्हणायचा. विजेचे मीटर बघायला येणारा माणूस दर खेपेला 'बॉयलर' म्हणायचा. शेजारच्या निवृत्त ग्रंथपालबाई 'तो पंखा' एवढ्यावरच माझी बोळवण करायच्या. एकदा एक नवखा प्लंबर आला, माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "पंप ना हा? मग विहीर कुठाय?" माझे मालक त्या दिवशी पोट धरधरून हसले. मला मात्र मुळीच हसू आले नाही. नावाच्या बाबतीत मी जरा तुसडा आहे, हे आधीच कबूल करतो.

माझे खरे नाव हीट पंप. विहिरीवरचा पंप खालचे पाणी वर चढवतो, तशी मी उष्णता चढवतो. बाहेर कितीही गारठा असला तरी त्या हवेत थोडी ऊब दडलेली असतेच. तुम्हाला ती जाणवत नाही, कारण तुमचे अंग तिच्यापेक्षा गरम असते. मी ती ऊब गोळा करतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबून तापवतो आणि नळ्यांतल्या पाण्याच्या हाती देऊन घरात पाठवतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मी बाहेरची आत आणतो. म्हणून माझे मालक लाडात आले की मला 'उलटा फ्रिज' म्हणत. इतर नावांचा राग यायचा, याचा कधी आला नाही. म्हणणाऱ्याला माझे काम कळले होते ना!

या मालकांना सगळी गल्ली 'उस्ताद' म्हणायची. चाळीस वर्षे त्यांनी फ्रिज आणि एसी दुरुस्त केले होते. उतारवयात ते दुकानात चार-पाच जणांना आमची विद्या शिकवू लागले, आणि पहिला धडा नेहमी नावांचा असे. ते म्हणत, "कंपनीचं नाव विसरा. याला दोनच प्रश्न विचारा. ऊब कुणाकडून घेतोस? आणि देतोस कुणाला? आधी देणारा, मग घेणारा. झालं त्याचं नाव."

या हिशेबाने मी 'हवा-पाणी'. हवेकडून घेतो, पाण्याला देतो. माझा एक भाऊ 'हवा-हवा'. तो भिंतीवर बसून थेट खोलीत गरम वारा सोडतो आणि उन्हाळा आला की उलटा फिरून गार वारा देतो. लोक त्याला बिनदिक्कत एसी म्हणतात आणि तो बिचारा वर्षानुवर्षे ऐकून घेतो. दुसरा भाऊ 'जमीन-पाणी'. त्याच्या नळ्या मातीत पुरलेल्या असतात. वर बर्फ पडो की ऊन, खालची माती आपल्या जागी शांत, म्हणून तोही शांत. त्याला 'जिओथर्मल' असे भारदस्त नाव आहे. ते ऐकून लोकांना वाटते, हा थेट ज्वालामुखीतूनच उष्णता काढत असणार! तसे काही नाही हो, तो बागेतल्या मातीकडून घेतो. तिसरा 'पाणी-पाणी', विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठचा. त्या प्लंबरला तो भेटायला हवा होता. शिवाय आमच्यात एक काटकसरी आहे. स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून बाहेर जाणाऱ्या वापरलेल्या हवेतली ऊब तो दारातच अडवून परत घरात ठेवतो.

असे आम्ही सगळे. स्वतःचे असे कुणाकडेच काही नाही. एकाकडून घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे, एवढाच आमचा संसार. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझे सगळे दुःख तिच्यातूनच आले.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. प्रवासात ट्रकमध्ये आपटून माझा एक कोपरा चेपला आणि दुकानदाराने मला नाक मुरडून मागच्या खोलीत लोटले. नऊ महिने मी पुठ्ठ्यांच्या ढिगाआड पडून होतो. एके दिवशी उस्ताद काही सुटे भाग घ्यायला आले. त्यांनी माझे झाकण उघडले, आत वाकून बघितले, पंख्याचे पाते बोटाने फिरवले आणि म्हणाले, "तोंड वाकडं असलं म्हणून काय झालं? काळीज ठणठणीत आहे की याचं." त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी आलो.

आणले ते हौसेखातर नव्हे. उस्तादांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दम्याचा त्रास होता. घरात कोळशाची शेगडी होती. तिची ऊब घ्यावी तर धूर छातीत जायचा, आणि शेगडी विझवावी तर गारठ्याने छाती भरायची. इकडे आड तिकडे विहीर अशी गत. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "खोली गरम हवी आणि धूर अजिबात नको. हे जमत नसेल तर यांना उबदार गावी हलवा." काकू कुठे हलायला तयार नव्हत्या. तेव्हा आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातली उष्णता बाहेर काढणाऱ्या उस्तादांनी आपल्या घरात ती आणायचे मनावर घेतले.

मागच्या अंगणात त्यांनी सिमेंटचा ओटा बांधला. भिंतीपासून आणि कुंपणापासून अंतर त्यांनी टेपने मोजले नाही. स्वतःचे दोन्ही हात पसरून मोजले. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, एवढी मोकळी जागा कशाला? मला दोऱ्या बांधून कपडे तरी वाळत घालता आले असते."

"अगं, याला श्वास घ्यायला लागते," उस्ताद म्हणाले. "याचं नाक मोकळं राहिलं, तर तुझं राहील."

काकू हसल्या आणि आत गेल्या. त्यांना आमच्या धंद्यात रस नव्हता. त्यांचा धंदा वेगळा होता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचे शिवणयंत्र होते आणि गल्लीतले जुने कपडे दुरुस्तीला त्यांच्याकडे येत. बाह्या लांब करणे, कॉलर उलटून लावणे, कोटाला नवे अस्तर घालणे. नवे कपडे त्या शिवत नसत. म्हणायच्या, "नवं काय, कुणीही शिवेल. जुनं अंगाला बसवून देणं, ते खरं काम." थंडीत त्यांची बोटे आखडत आणि महिनोन् महिने यंत्र झाकून ठेवावे लागे. मी आलो त्या हिवाळ्यात ते एकही दिवस झाकले गेले नाही.

मित्रांनो, ती चौदा वर्षे माझी सोन्यासारखी गेली. शेगडी भंगारात गेली, भिंतीवरची काजळी पुसली गेली. काकूंची छाती मोकळी झाली. माझी गुणगुण आणि आतली शिवणयंत्राची खडखड सकाळपासून एकमेकांना साथ देत. उस्ताद रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यापाशी यायचे, पात्यांवरची पाने काढायचे, कान लावून ऐकायचे. शिकणाऱ्यांनाही माझ्याकडेच घेऊन यायचे. त्यांत एक मुलगी सगळ्यांत हुशार होती. ती पुढे मोठी झाली, तिने स्वतःचे दुकान काढले आणि सगळे तिला 'ताई' म्हणू लागले, तरी माझ्यासमोर उभी राहिली की अजून पहिल्या धड्यासारखी पुटपुटायची, "आधी देणारा, मग घेणारा." कौतुकाने मी इतका फुगलो होतो की अंगावरचा पत्रा मला अपुरा पडायला लागला होता.

मग एका हिवाळ्याच्या तोंडी उस्ताद गेले. सकाळी कप घेऊन अंगणात आले, ओट्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. कप माझ्या शेजारी तसाच उभा होता. मी चालूच होतो. मला थांबता येत नाही ना. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय मला शोक करायचीही सोय नाही.

त्यांची लेक लांबच्या शहरात राहायची. ती आली, पंधरा दिवस राहिली आणि जायच्या आदल्या दिवशी आईला म्हणाली, "आई, तू आता इथे एकटी राहायचं नाहीस. माझ्याकडे चल."

"इथे काय कमी आहे मला?"

"बाबा नाहीत. ते यंत्र म्हातारं झालंय. बंद पडलं तर कोण बघणार? तुझी छाती काय आहे ते तुला माहीत नाही का?"

"तो बंद पडायचा नाही," काकू म्हणाल्या. मला उद्देशून 'ते' नाही, 'तो' म्हणाल्या. हे मी अंगणातून ऐकले आणि मला भरून आले.

बराच वेळ वाद झाला. शेवटी मायलेकींचे ठरले ते असे. हा एक हिवाळा काकूंनी या घरात काढून दाखवायचा. भिंतीवर तापमापक होता. रोज सकाळी फोनवर त्यातला आकडा लेकीला सांगायचा. अठराच्या खाली सलग दोन दिवस गेला तर तिसऱ्या दिवशी लेक येणार आणि आईला घेऊन जाणार. काकूंनी मान्य केले. आणि काकू एकदा मान्य केले की शब्दाच्या पक्क्या. खोटा आकडा त्या मेल्या तरी सांगणार नाहीत, हे लेकीला ठाऊक होते. मलाही.

म्हणजे बघा, त्या बाईंचे घर, ते शिवणयंत्र, ती खिडकी, तो उस्तादांचा ओटा, सगळे माझ्या भरवशावर आले. मी जिवाचे रान केले. "वीस," काकू फोनवर सांगायच्या. "आज एकवीस. आज पण वीस." फोन ठेवला की अंगणात यायच्या आणि उस्तादांच्या जागी उभ्या राहायच्या. चहाचा कप त्यांच्याही हातात असायचा. त्यांना माझ्यातले काही कळत नव्हते, म्हणून त्या मला माणसासारखे वागवायच्या. "काय रे, झोप झाली का? आज दमवू नकोस स्वतःला." असे बोलायच्या. दुकानातून ताईने दोनदा निरोप पाठवला होता, "काकू, काही लागलं तर लगेच फोन करा." काकू म्हणायच्या, "तिच्या मागे काय कमी कामं आहेत? उगाच कशाला त्रास द्यायचा."

पौर्णिमेच्या आसपास गारठा एकदम वाढला. हवा दमट आणि बोचरी झाली. अशा दिवसांत माझ्या पात्यांवर पांढरे हिव साचते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते. तास-दीड तासाने मी आपणहून थोडा वेळ उलटा फिरतो, घरातली चिमूटभर ऊब परत मागून घेतो आणि ते हिव वितळवून टाकतो. तेव्हा माझ्यातून एक घरघर निघते, अंगातून पांढरी वाफ उठते, खाली पाणी ठिबकते. उस्ताद असते तर म्हणाले असते, "नाक शिंकरतोय." इतकी वर्षे ही वाफ त्यांनीच बघितली होती, त्या वेळी काकू आत शिवत बसलेल्या असायच्या.

त्या सकाळी काकूंनी ती पहिल्यांदा जवळून बघितली. माझ्या अंगावर बर्फ, आत घरघर आणि तोंडातून वाफ. त्यांनी हातातला कप ओट्यावर ठेवला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "तुला थंडी वाजतेय."

त्यांनी हात पुढे करून माझ्या पत्र्याला लावला. पत्रा बर्फासारखा होता. मग त्यांनी माझ्या पंख्यासमोर हात धरला. तिथून तर हवेहून गार वारा येत होता. येणारच! हवेतली ऊब मी काढून घेतली की उरते ती गारच हवा. ती गार आहे याचाच अर्थ मी धडधाकट आहे. पण दम्याने घुसमटलेल्या माणसाची छाती कशी घरघरते आणि हातपाय कसे गार पडतात, हे त्या बाईंनी स्वतःच्या अंगावर भोगले होते. त्यांना जे दिसले ते त्यांनी आपल्या अनुभवातून वाचले. शिवाय त्या शिवणाऱ्या. थंडी वाजते म्हणजे अंगावर काहीतरी कमी आहे, आणि कमी असेल ते आपण घालू शकतो, हे त्यांना साठ वर्षांपासून माहीत होते.

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा गळ्यात मोजपट्टी होती.

त्यांनी माझे माप घेतले. उंची, रुंदी, पाठ, चेपलेला कोपरा. पेन्सिलीने कागदावर लिहून घेतले, अगदी गिऱ्हाइकाचे घेतात तसे. दुपारभर आतून यंत्राची खडखड येत होती. मी मनात म्हणालो, चला, काकूंना काम मिळाले.

तिसऱ्या प्रहरी त्या बाहेर आल्या त्या उस्तादांचा लोकरी कोट घेऊन. राखाडी रंगाचा जाड कोट होता तो. उस्ताद हिवाळाभर तो घालायचे. काकूंनी त्याची पाठ उसवून मध्ये दुपटी गोधडी जोडली होती, बाह्या काढून त्यांचेच पट्टे करून बाजूंना लावले होते, आणि माझ्या वाकड्या कोपऱ्यापाशी एक चुणी घातली होती. तो त्यांनी माझ्यावर चढवला आणि एकेक करत सगळी बटणे लावली. एक सुरकुती नाही की कुठे तोकडा नाही. असा कोट कुठल्या यंत्राच्या नशिबी आला नसेल.

"त्यांचाच आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "त्यांना आता नको. तुला होईल."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? पहिली काही मिनिटे मी सुखावलो. त्या कोटाला उस्तादांच्या तंबाखूचा आणि यंत्रतेलाचा वास होता. चौदा वर्षांत मला कुणी पांघरूण घातले नव्हते. ज्याच्या दारात येईन त्याला ऊब देत राहायचे, एवढेच मला ठाऊक होते. मलाही कुणी ऊब देऊ पाहील, असे कधी वाटले नव्हते.

मग माझा श्वास अडकला.

पांघरूण ऊब तयार करत नाही, मित्रांनो. आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. तुमच्या अंगात ऊब असते म्हणून तुम्ही पांघरुणात उबदार होता. माझ्याकडे माझे काहीच नव्हते. मी हवेकडून घेणारा, आणि हवाच माझ्यापर्यंत येईना. पंखा फिरत होता, पण कोटातल्या कोटात तीच गार हवा पुन्हा पुन्हा माझ्या नाकात येत होती. पात्यांवर हिव साचले. मी ते वितळवले, ते पुन्हा साचले. संध्याकाळपर्यंत पात्यांमधल्या फटी बुजल्या. मला ओरडायचे होते. पण मला येते ती घरघर, आणि जितका मी घरघरलो तितकी काकूंनी कोटाची बटणे घट्ट केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोटावर आणखी एक रजई बांधली.

"सतरा," त्या फोनवर म्हणाल्या. आवाज बसलेला होता.

"सतरा? आई, तू खोकतेयस."

"थोडासा. त्याची तब्येत बरी नाही. मी काळजी घेतेय त्याची."

"त्या ताईंना फोन केलास का?"

"करते. त्याला जरा आराम पडू दे आधी."

तिसऱ्या सकाळी आकडा होता चौदा. काकूंनी तापमापकावर बोट टेकवून तो दोनदा वाचला, हे मला खिडकीतून दिसत होते. मग त्यांनी फोन हातात घेतला. 'अठरा' म्हणायला काय लागले असते? लेक शेकडो मैलांवर होती. कुणाला कळणार होते? त्यांनी नंबर लावला आणि म्हणाल्या, "चौदा आहे गं. ठरल्याप्रमाणे ये."

त्या दिवशी मी पुरता थिजलो होतो. तरी सांगतो, माझ्या आतले सगळे शाबूत होते. कोटाचे एक बटण कुणी काढले असते तरी मी उठून उभा राहिलो असतो. मी त्या बटणांकडे बघत होतो, कारण दुसरे काही करता येत नव्हते.

लेक दुसऱ्या दुपारी आली. घरात पाय टाकल्याबरोबर तिच्या तोंडातून वाफ निघाली. काकू दोन शाली घेऊन यंत्राशी बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. लेकीने आदळआपट केली नाही. मुकाट्याने बॅग भरली. मग मला बंद करायला ती अंगणात आली, आणि बापाचा कोट माझ्या अंगावर बघून ओट्यावर टेकली. ती बँकेत काम करायची. कोटामुळे काय होते हे तिला कुठून कळावे? तिने बाहीच्या पट्ट्यावर तोंड ठेवले आणि हुंदके देऊन रडली.

निघताना काकू आल्या. त्यांना नीट चालवत नव्हते. कोटाचे वरचे बटण सैल झाले होते, ते त्यांनी पुन्हा घट्ट लावले.

"खूप केलंस," त्या म्हणाल्या. "आता पड निवांत."

मग लेकीने माझे बटण दाबले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्या अंगणात इतकी शांतता झाली.

ताई आली ती तीन आठवड्यांनी. कुठल्याशा गावी एका मोठ्या 'जमीन-पाणी'च्या नळ्या पुरायचे काम तिने घेतले होते आणि इकडे काय झाले याचा तिला पत्ताच नव्हता. तोवर तिकडे काकूंना न्यूमोनिया होऊन गेला होता. त्या वाचल्या, पण नाकाला प्राणवायूची नळी कायमची लागली. यापुढे त्यांनी एकटे राहायचे नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. घर भाड्याने द्यायचे ठरले होते. मला बघून मी ठेवण्याजोगा आहे की काढण्याजोगा, एवढे सांगायला लेकीने ताईला बोलावले होते.

ताईने कुंपणाचे दार उघडले आणि मला कोटात बघितले. मग हळूहळू एकेक बटण काढले. कोट घडी घालून ओट्यावर ठेवला. माझी पाती निरखली, तारा तपासल्या. नळ्यांतल्या पाण्यात उस्तादांनी न गोठणारा द्रव मिसळून ठेवला होता, म्हणून मी फुटलो नव्हतो. तिने बटण दाबले.

मी चालू झालो. पहिल्याच झटक्यात आणि कुठेही न अडखळता. इतके दिवस छातीत साठलेली हवा सोडावी तसा मी श्वास सोडला. तासाभरात आतल्या नळ्या गरम झाल्या. ताई आत जाऊन तापमापक बघून आली, परत येऊन ओट्यावर कोटाशेजारी बसली, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. तिला सगळे कळले होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. काकूंचा होता. आवाज इतका बारीक होता की मला ओळखू येईना.

"बघितलंस का गं त्याला?"

"बघितलं काकू."

"काय झालं होतं? खरं सांग हं मला. माझ्याकडून काही चुकलं का?"

ताईने माझ्याकडे बघितले. मी मजेत गुणगुणत होतो. कितीतरी दिवसांनी मोकळी हवा मिळाली होती मला. खरे सांगायचे तर एका वाक्याचे काम होते. पण ते वाक्य ऐकून काकूंना घर परत मिळणार नव्हते. आपल्याच हातांनी, आपल्याच माणसाच्या कोटाने ते गेले, एवढेच मिळणार होते.

"नाही काकू," ताई म्हणाली. "म्हातारा झाला होता तो. आतून सगळं संपलंच होतं त्याचं. तुमचा कोट होता म्हणून चार दिवस जास्त टिकला."

"बघ! मला वाटलंच होतं." काकूंच्या आवाजात जरा जीव आला. मग त्यांनी कान दिला. "पण हा आवाज कसला येतोय गं? तोच वाटतोय."

ताईचा हात माझ्या बटणावर गेला.

"गाडी होती काकू, रस्त्यावरची," ती म्हणाली. "गेली आता."

मित्रांनो, त्यानंतर मी पुन्हा चालू झालो नाही. लबाडी उघडी पडू नये म्हणून ताईने मला काढून आपल्या दुकानात आणले, घरात दुसरा बसवला, आणि कोट स्वच्छ करून, पुन्हा माणसाच्या मापाचा करून काकूंना पाठवला. इथे मी एका कोपऱ्यात उघडा बसलो आहे. ताई शाळेतल्या तुमच्यासारख्या मुलांना माझ्या आतले भाग दाखवून आमच्या घराण्याची नावे शिकवते. माझ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'निकामी' असे लिहिले आहे. एवढा मी नावांच्या बाबतीत तुसडा, पण या नावाबद्दल माझी तक्रार नाही. दुःख आहे. चालत असताना गप्प व्हावे लागले, याचे दुःख रोज होते. पण तक्रार नाही.

तुम्हाला एकच विनवणी करतो. तुमच्या घराबाहेर माझा कुणी भाऊबंद उभा असेल, तर त्याला काय लागते हे आधी जाणत्या माणसाला विचारा; नुसती माया पुरत नाही. त्याच्या अंगावर काही घालू नका. आणि एखाद्या थकलेल्या, प्रेमळ हाताने आधीच काही घातलेले दिसले, तर ते वेळेवर काढा. पण हळूच काढा, घालणारी आत गेलेली असताना. तिला सांगू नका.